कलमाची पूजा आणि हाताचा विटाळ



हल्लीं शहरांतल्या शहाण्या लोकांनीं एक नवें पुराण लावलें आहे. तें असें कीं, खेड्यांतला तरुण आळशी झाला. त्याला काम नको, सरकारी खुर्ची पाहिजे. गवंडी मिळत नाहीं, सुतार मिळत नाहीं, रानांत खुरपायला माणूस मिळत नाहीं, आणि हीं पोरें मात्र पारावर मोबाईल घेऊन बसलीं आहेत. हें पुराण सांगणाऱ्याच्या तळहाताला जन्मांत कधीं घट्टा पडलेला नसतो. त्याच्या घरचीं भांडीं दुसरी बाई घासते, त्याचा संडास तिसरा माणूस साफ करतो, त्याची गाडी चौथा हांकतो, आणि हा पंख्याखालीं बसून आम्हांस श्रमाची थोरवी शिकवितो! आम्ही त्यास एवढेंच विचारतों कीं, महाराज, हातचें काम जर इतकें पवित्र आहे, तर आपल्या चिरंजीवांचें नांव आय.टी.आय.च्या वेल्डिंगच्या वर्गांत केव्हां घालतां?

या प्रश्नास उत्तर येणार नाहीं हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु पुराणिक लबाड आहे म्हणून आपल्या घरांत रोग नाहीं असें होत नाहीं. रोग आहे. तो आपण बोलावून आणला नाहीं, तो आपल्यावर घातला गेला. पण आज तो आपल्याच चुलीपाशीं जेवतो, आपल्याच पोरांचीं वर्षें खातो, आणि आपण पाहुणा समजून त्याला पाट मांडतों. त्याच्याविषयीं स्पष्ट बोलणें भाग आहे.

आधीं आंकडे पाहूं. २०२४ सालीं आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लींतील एक संशोधन संस्था यांनीं मिळून भारतांतील रोजगाराचा अहवाल छापला. त्यांत २०२२ सालचा हिशेब आहे. तरुणांपैकीं ज्यांस लिहितां-वाचतां येत नाहीं त्यांत बेकारी शेंकडा ३.४, आणि जे पदवीधर आहेत त्यांत शेंकडा २९.१. म्हणजे अडाणी राहिलेल्याच्या मानानें शिकलेला आठपटींहून अधिक बेकार! हें वाचून कांहीं लोक लगेच म्हणतात, पाहा, शिकवून पोरें बिघडलीं. ही लबाडी ओळखा. १८४८ सालीं ज्योतीरावांनीं व सावित्रीबाईंनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली तेव्हांपासून ही ओरड चालूच आहे. खरी गोष्ट अशी कीं, अडाण्याला बेकार बसणें परवडतच नाहीं. संध्याकाळीं चूल पेटायची असेल तर सकाळीं जें काम सांपडेल तें त्यानें धरलेंच पाहिजे. बेकार राहण्याससुद्धां पदरीं कांहीं लागतें: बापाची दोन एकर जमीन, आईच्या अंगावरचा डाग, धाकट्या भावाची कमाई. शिकलेला मुलगा थांबतो, कारण घर त्याला थांबवून धरतें. तो कशासाठीं थांबतो, किती दिवस थांबतो, आणि थांबल्याचा पैसा कोणाच्या घरीं जातो, हे प्रश्न पुराणिक विचारीत नाहीं. ते आम्ही विचारतों.

जुलै २०२२ मध्यें सरकारनेंच लोकसभेंत सांगितलें कीं, २०१४-१५ पासून २०२१-२२ पर्यंतच्या आठ वर्षांत केंद्राच्या नोकऱ्यांसाठीं २२ कोटी ५ लाख अर्ज आले, आणि शिफारस झाली ती ७ लाख २२ हजार जणांची. शाळेंतल्या पोरास भागाकार घाला. दर तीनशें पांच अर्जांमागें एक जण लागला. आपल्या राज्यांत २०२३ सालीं तलाठ्यांच्या ४,६४४ जागांसाठीं दहा लाखांवर अर्ज पडले. फी खुल्या वर्गास हजार रुपये, मागासवर्गास नऊशें. सर्वांनीं नऊशेंच भरले असें धरलें तरी नव्वद कोटी रुपये झाले. २०२४ सालीं पोलीस शिपायांच्या सतरा हजारांवर जागांसाठीं सतरा लाखांवर अर्ज आले. कोणी म्हणेल, एकच पोर दहा ठिकाणीं अर्ज करतें, म्हणून हे आंकडे फुगलेले आहेत. खरें आहे. पण तेंच पोर दहा वेळां फी भरतें, दहा वेळां दुसऱ्या जिल्ह्याच्या परीक्षाकेंद्रावर जातें, आणि स्टँडवर रात्र काढतें, हेंही तितकेंच खरें आहे.

अर्जाच्या फीपाठीमागें क्लासची फी आहे, क्लासपाठीमागें खोलीचें भाडें, खोलीपाठीमागें मेस, मेसपाठीमागें अभ्यासिकेंतल्या खुर्चीचें मासिक भाडें. पुण्याची सदाशिव पेठ पेशवाईंत कोणाची होती आणि तेथें कोणाच्या विद्येला मान होता हें आम्हीं सांगावयास नको. आज त्याच पेठेंत कुणब्या-माळ्यांचीं, धनगर-वंजाऱ्यांचीं, लोहार-सुतारांचीं पोरें एकेका खोलींत चार-चार खाटा टाकून राहतात. हा बहुजनांनीं केलेला विजय आहे असें एकाद्याला वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. पूर्वीं दक्षिणा भटाला देत होतों, आतां ती घरमालकाला आणि अकॅडमीवाल्याला देतों. पूर्वीं पुण्य परलोकांत मिळणार होतें, आतां पुढच्या भरतींत मिळणार आहे. यजमान मात्र तोच राहिला.

आमच्या धंद्यांतलें उदाहरण तर सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. २००० सालानंतर आमच्या राज्यांत डी.एड.ची लाट आली. ज्याच्या-त्याच्या तोंडीं एकच मंत्र, दोन वर्षें काढा आणि मास्तर व्हा. गल्लीबोळांत अध्यापक विद्यालयें निघालीं. शेतकऱ्यांनीं बैलजोडी विकून, कोणी बांधालगतची पट्टी विकून मुलामुलींस त्यांत घातलें. २०१२ सालीं शिक्षकभरती बंद झाली ती कित्येक वर्षें उघडली नाहीं. विद्यालयें काढणाऱ्या पुढाऱ्यांचें कांहीं गेलें नाहीं. त्यांनीं तींच दालनें दुसऱ्या अभ्यासक्रमास लावलीं. बैलजोडी मात्र परत आली नाहीं.

आतां घरांतली गोष्ट. मुलगी पाहावयास पाहुणे आले म्हणजे विचारतात, "मुलगा काय करतो?" बाप म्हणतो, "शेती करतो." पाहुणे म्हणतात, "तें ठीक, पण बाकी काय करतो?" या 'बाकी काय' या दोन शब्दांत आमच्या समाजाचें सगळें दुखणें आहे. सहा एकर बागाईत राखणारा, मोटार दुरुस्त करणारा, रात्रीं बाराला उठून पाणी धरणारा मुलगा हा कांहींच करीत नाहीं असें ठरतें. त्याच गल्लींत एकतीस वर्षांचा दुसरा मुलगा आहे. त्याचा बाप सांगतो, "अभ्यास करतो." लगेच पाहुण्यांच्या तोंडावर आदर येतो. 'अभ्यास करतो', 'तयारी चालू आहे' हें आमच्याकडे बेकारीचें सभ्य नांव झालें आहे. त्या मुलानें उद्यां सकाळीं तालुक्याला ग्रिलचें दुकान टाकलें तर पोटाला मिळेल, पण त्याच दिवशीं तो स्थळांच्या यादींतून खालीं घसरेल. म्हणून बाप त्याला दुकान टाकूं देत नाहीं. म्हणजे हें घर पोराला नोकरी मिळावी म्हणून नव्हे, तर नोकरी मिळेल अशी आशा लोकांना दिसत राहावी म्हणून पैसा ओतीत आहे! डिसेंबर २०२२ मध्यें सोलापुरांत लग्न न झालेल्या तरुणांनीं मुंडावळ्या बांधून, घोड्यांवर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीवर मोर्चा नेला आणि आम्हांस बायको मिळवून द्या अशी मागणी केली. लोक हंसले. मुलींची संख्या कमी होण्याचें पाप हें त्यांतलें एक कारण, तें वेगळें. पण त्या मोर्चांतल्या शेतकऱ्याच्या मुलाला नाकारणारे कोण होते? दुसरे शेतकरीच.

हें वेड आलें कोठून? मनूच्या पोथींत पाहा. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत शेती ही सज्जनांनीं निंदिलेली वृत्ति ठरविली आहे. कारण काय, तर लोखंडी फाळाच्या लाकडानें जमीन आणि जमिनींतले जीव मारले जातात. मारणारा पापी, मात्र त्या मारण्यांतून निघालेला भात सोंवळ्यांत जेवणारा पापी नव्हे! चौथ्या अध्यायांत कोणाकोणाचें अन्न खाऊं नये याची यादी दिली आहे. तींत सुतार आहे, लोहार आहे, सोनार आहे, परीट आहे, कातडें कमावणारा आहे. सुताराला तर चोराच्या पंक्तीला बसविलें आहे. ज्यानें देव्हारा घडविला त्याच्या घरचें अन्न वर्ज्य, आणि त्या देव्हाऱ्यापुढें बसून खाणारा पवित्र! २५ डिसेंबर १९२७ रोजीं महाडास बाबासाहेबांच्या सत्याग्रहांत ही पोथी जाळली गेली. कागद जळाला, पण "बाकी काय करतो" हा प्रश्न त्याच पोथींतला आहे आणि तो आम्ही आमच्या तोंडानें विचारतों. आम्ही येथें कोणा एका जातीच्या माणसांविषयीं बोलत नाहीं. जो माणूस हाताला मळ लागण्यावरून माणसाची किंमत ठरवितो तो आमच्या मतें भटशाहीचा चाकर आहे, मग तो देशपांडे असो कीं पाटील.

आमच्या आज्यांच्या तोंडीं एक म्हण होती, उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी. सभेंत ती ऐकविली म्हणजे टाळ्या पडतात. पण म्हण उत्तम म्हणत होती त्याच काळांत शेतकऱ्याच्या अंगावर लंगोटी होती. ज्योतीरावांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला, त्यांत त्या उत्तम शेतीचें चित्र आहे. कर्ज, सारा, कुळकर्ण्याचें कलम आणि कोर्टकचेरी. त्या काळींही नांगर धरणाऱ्यापेक्षां दप्तर धरणारा मोठा होता. तेव्हां आमचा शेतकरी पोराला कलम धरावयास सांगतो तो मूर्खपणानें नव्हे. कलमानें आपल्याला लुटलें, तें कलम आपल्याही हातीं असावें, ही त्याची भूक न्याय्य होती आणि आजही आहे. फरक कोठें पडला तो पाहा. ज्योतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें जें निवेदन दिलें त्यांत खेड्यांतल्या शाळेंत वाचन, लेखन, हिशेब यांजबरोबर शेतीचें प्राथमिक ज्ञानही शिकवावें असें सांगितलें. म्हणजे त्यांच्या मनांत कलम आणि नांगर यांचें वैर नव्हतें. आमच्या शाळांशाळांतून मात्र आजही मास्तर लोक ढ पोराला म्हणतात, "शिक, नाहीं तर म्हशी राखशील." वर्गांत म्हशी राखणाऱ्याचेंच पोर बसलेलें असतें. त्याच्या बापाला त्याच्यादेखत शिवी दिली, हें मास्तरला कळतही नाहीं!

बाबासाहेब आंबेडकरांनीं १९३६ सालीं लाहोरच्या मंडळासाठीं जें भाषण लिहिलें, आणि मंडळानें होऊं न दिल्यामुळें जें स्वतः छापून काढलें, त्यांत बेकारीचा मुद्दा स्पष्ट मांडला आहे. जातिभेदानें नुसतीं कामें वांटलीं जात नाहींत, काम करणारीं माणसेंच एकमेकांपासून तोडलीं जातात आणि वरखालीं रचलीं जातात. एका धंद्यांतलें काम संपलें तरी माणूस दुसऱ्यांत शिरूं शकत नाहीं, म्हणून जातिभेद हाच बेकारीचें एक कारण होऊन बसतो, असा त्यांचा आशय आहे. आज कायद्यानें कोणाला अडविलेलें नाहीं. तरीही आमच्या गांवांत पाहा. कुणब्याच्या पोराला केस कापण्याचें दुकान टाकावयाचें असेल तर त्याचे भाऊबंद काय म्हणतील? सुताराच्या पोराला चपलांचा धंदा सुचला तर? शहरांत तोच धंदा इंग्रजी पाटी लावून, कांच बसवून चालतो आणि चालविणाऱ्यांत सगळ्या जातींचे लोक असतात. गांवांत मात्र वस्तरा न्हाव्याचा, आरी चांभाराची, चाक कुंभाराचें. ब्राह्मणानें कुणब्याला खालीं ढकललें, कुणब्यानें न्हाव्याला, न्हाव्यानें चांभाराला, चांभारानें आणिक कोणाला. प्रत्येकाला पायाखालीं एक डोकें मिळालें म्हणून प्रत्येकजण आपल्या डोक्यावरचा पाय विसरला.

या शिडीमुळें काम शोधण्याची रीत कशी वांकडी होते तें ऐका. आमच्या तालुक्यांत फरशी बसविणारे राजस्थानचे, रंग देणारे उत्तर प्रदेशचे. आमचे तरुण म्हणतात, परप्रांतीयांनीं आमचीं कामें घेतलीं. पण आमचाच तरुण पुण्याला जाऊन डोक्याला हेल्मेट घालून घरोघर डबे आणि पार्सलें पोंचवितो, मॉलच्या दारांत रखवाली करतो, रात्रपाळीला गोदामांत पेट्या उचलतो. गांवांत कोणी विचारलें तर घरचे सांगतात, कंपनींत आहे. तोच मुलगा आपल्या मळ्यांतली मेथी घेऊन आठवड्याच्या बाजारांत बसावयास तयार नाहीं. कां? बाजारांत मामाचे, आत्याचे, शाळेंतले, सगळे भेटतात. पुण्यांत कोणी ओळखीचें नाहीं. राजस्थानचा फरशीवालाही आपल्या गांवीं कदाचित् हें काम करीत नसेल. येथें त्याला पाहणारें कोणी नाहीं म्हणून करतो. तेव्हां लाज कामाची नसते, पाहणाऱ्याची असते. आणि पाहणारे आपणच आहोंत. आमचें गांव जर पोरांकडे नीट पाहावयास शिकलें, तर कित्येक पोरांस दीडशें कोसांवर जाऊन लपून काम करावें लागणार नाहीं.

परंतु येथेंच थांबलों तर आम्हीही पुराणिकांच्या पंक्तीला जाऊन बसलों असें होईल. पोरगा सरकारी नोकरीची वाट पाहतो त्यांत निव्वळ लाज नाहीं, हिशेबही आहे. खाजगी कारखान्यांत बारा तास राबवून घेतात, हजेरीपटावर नांव ठेकेदाराचें, फंड नाहीं, विमा नाहीं. प्रेसखालीं बोट गेलें तर दवाखान्याचे पैसे देऊन घरीं पाठवितात. सुताराकडे, गॅरेजवाल्याकडे उमेदवारी करावी तर वर्षभर चहाच आणावा लागतो. अशा ठिकाणीं जा म्हणणें सोपें आहे. सरकारही आतां हाच ठेकेदारीचा मार्ग धरूं पाहतें. सप्टेंबर २०२३ मध्यें महाराष्ट्र सरकारनें नऊ खाजगी एजन्सींमार्फत कंत्राटी माणसें घेण्याचा हुकूम काढला होता. राज्यभर ओरड झाली तेव्हां ऑक्टोबरांत तो मागें घ्यावा लागला. हुकूम गेला, पण हेतु कळला. शिक्षणसेवक म्हणून लागलेल्या प्राथमिक मास्तरला २०२३ पर्यंत महिना सहा हजार मानधन मिळत होतें. मग तें सोळा हजार झालें. कागदावरचा मान इतका मोठा, आणि पगार गवंड्याच्या हाताखालच्या बिगाऱ्याहून थोडा! यावरून असें दिसतें कीं, मान भाषणांनीं मिळत नाहीं. ज्या कामाला कायम पगार, विमा, सुट्टी आणि म्हातारपणची सोय असते त्याला मान आपोआप येतो. १८९० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुट्टी मिळवून दिली. त्यांनीं कामगारांस, काम थोर आहे तेव्हां सातही दिवस करा, असें सांगितलें नाहीं.

ज्या कामाचा विटाळ मानला जातो त्याला यंत्रही मिळत नाहीं, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. चंद्रावर यान उतरविणाऱ्या देशांत गटारांत माणूस उतरतो. हातानें मैला साफ करविण्यास १९९३ सालीं एका कायद्यानें आणि २०१३ सालीं दुसऱ्या कायद्यानें बंदी झाली. तरी गटारांत गुदमरून मरणाऱ्यांची बातमी यावयाची ती येतेच. यंत्र काय बनत नाहीं? बनतें. पण त्या कामासाठीं ठराविक जातींचीं माणसें स्वस्त मिळतात तोंवर यंत्र विकत घेण्याची गरज कोणास वाटत नाहीं. कुरीचा दांडा, कोयत्याची मूठ, कुंभाराची भट्टी यांची सुधारणा व्हावी तितकी कां झाली नाहीं, याचेंही उत्तर याच वाटेला आहे. ज्याला डोकें होतें त्यानें हात लावला नाहीं, आणि ज्याचा हात होता त्याच्या डोक्याला शाळेबाहेर ठेवलें.

राखीव जागांविषयीं एक शब्द, कारण विरोधक लगेच म्हणतील, बघा, हे लोकच आतां नोकऱ्या नकोत म्हणतात, तेव्हां आरक्षण काढा. खबरदार! २६ जुलै १९०२ रोजीं शाहू महाराजांनीं करवीर राज्यांत मागासलेल्या वर्गांसाठीं निम्म्या जागा राखल्या त्या बेकारी हटविण्यासाठीं नव्हेत. राज्याच्या कचेरींत रयतेचा माणूस बसावा, दप्तराची मक्तेदारी मोडावी, यासाठीं त्या होत्या. तो हक्काचा वांटा आहे आणि त्यांतला एक तसूही आम्ही सोडणार नाहीं. पण तो वांटा सत्तेचा आहे. सगळ्या पोरांच्या पोटाचा प्रश्न त्यानें सुटेल असें जो पुढारी सांगतो तो मतांचा भुकेला आहे. त्याला विचारा, जागा किती रिकाम्या ठेवल्या आहेत आणि त्या कां भरीत नाहींस?

त्याच शाहू महाराजांनीं आपल्या पदरच्या गंगाराम कांबळे यांस, पाण्याला शिवले म्हणून मारहाण झाल्यावर, चहाचें हॉटेल काढून दिलें, आणि लोक तेथें चहा पीत नाहींत असें दिसतांच स्वतः लवाजम्यासह जाऊन तेथें चहा घेऊं लागले. राजानें दिलेलें भांडवल हें अर्धें काम. राजानें तेथें जाऊन चहा पिणें हें दुसरें अर्धें. आमचे आजचे पुढारी भांडवलाच्या योजनेचें उद्घाटन करतात, पण चहा प्यावयास जात नाहींत. कर्मवीर भाऊरावांनीं १९२४ सालीं साताऱ्यांत वसतिगृह काढलें. तेथें सर्व जातींचीं पोरें एकत्र राहत, स्वयंपाक, झाडलोट, शेतकाम आपल्या हातांनीं करीत आणि शिकत. 'कमवा आणि शिका' ही रीत त्यांनीं घालून दिली. हे भाऊराव त्यापूर्वीं किर्लोस्करांचे नांगर गांवोगांव फिरून विकीत होते. आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर तर जातीनें ब्राह्मण. त्यांनीं मास्तरकी सोडून लोखंडी नांगर ओतावयास घेतला आणि १९१० सालीं कुंडलच्या माळावर कारखाना घातला. लोखंडानें जमीन विषारी होईल असें म्हणून सुरवातीला तो नांगर कोणी घेईना. ज्याला हात काळे करावयाची लाज वाटली नाहीं तो ब्राह्मण आमचा. आणि ज्याला नांगर धरणाऱ्या मेहुण्याची ओळख सांगावयास लाज वाटते तो कुणबी साहेब आमचा नव्हे.

आतां एक नवा फांस. १७ सप्टेंबर २०२३ रोजीं केंद्रानें विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा धंदे, हत्यारांसाठीं पंधरा हजार, पांच टक्के व्याजानें तीन लाखांपर्यंत कर्ज. कारागीर बंधूंनो, पैसा आपल्याच कराचा आहे, तो अवश्य घ्या. पण योजनेची भाषा वाचा. कुटुंबांत चालत आलेला धंदा, गुरुशिष्य परंपरा! म्हणजे सुताराचें पोर सुतार, कुंभाराचें पोर कुंभार. नोव्हेंबर २०२४ मध्यें तामिळनाडूनें ही योजना आहे त्या रूपांत नको म्हणून कळविलें. त्यांस अनुभव आहे. १९५३ सालीं तेथें राजाजींनीं अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस बापाचा धंदा असा बेत घातला होता. पेरियार व त्यांच्या लोकांनीं तो १९५४ सालीं उलथून पाडला. हातच्या कामाला मान द्या म्हणणें वेगळें, आणि बापाचेंच काम करीत राहा म्हणणें वेगळें. पहिलें आम्ही म्हणतों, दुसरें मनु म्हणतो. २०२० च्या शैक्षणिक धोरणांत सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांजकडे जावें असें लिहिलें आहे. चांगलें आहे. मात्र हे दहा दिवस जिल्हा परिषदेच्या पोरांनींच काढावयाचे, आणि इंग्रजी शाळांतल्या मुलांनीं कुंभाराबरोबर फोटो काढून घ्यावयाचा, असें होऊं नये. आमच्या वर्गांतल्या चार पोरांस भट्टी कशी लावतात तें आधींच ठाऊक आहे. त्यांस त्या दहा दिवसांत यंत्र, हिशेब आणि बँकेचा कागद शिकवा.

बायांविषयीं तर बोलावें तितकें थोडें. लावणी तिची, खुरपणी तिची, कापूस वेंचणें तिचें, जनावरांचा झाडा तिचा. शिरगणतीवाला दारांत येऊन विचारतो, "बाई काय करते?" नवरा म्हणतो, "कांहीं नाहीं, घरींच असते." तीही मान हलविते. शिकलेल्या मुलीची गत याहून वाईट. भावाला तयारीसाठीं आठ वर्षें मिळतात, तिला दोन. मग स्थळ येतें. आणि स्थळ पाहतांना आईच म्हणते, शेतावर काम करावें लागेल अशा घरीं माझी लेक देणार नाहीं. त्या माउलीला आम्ही दोष देणार नाहीं. तिनें तीस वर्षें जें काम केलें त्याला घरांत कोणी काम म्हटलें नाहीं, मजुरी तर दिलीच नाहीं. तिनें लेकीला त्याच जात्यांत कशासाठीं घालावें? ज्यांस शेतकरी मुलाचें लग्न व्हावेंसें वाटतें त्यांनीं मोर्चा नेण्याआधीं सातबारावर सुनेचें नांव लावून पाहावें.

तेव्हां आमचें म्हणणें थोडक्यांत आहे. परीक्षेला बसूं नका असें आम्ही म्हणत नाहीं. बसा, आणि मुलींसही तितकींच वर्षें द्या. पण घरांत एक मुदत ठरवा, आणि त्या मुदतींत पोराच्या हाताला एक कसब लावा, बापाचें नव्हे, त्याच्या आवडीचें. जो मुलगा गॅरेज चालवितो त्याला 'बाकी काय' विचारूं नका. यात्रेच्या कमिटींत आणि शाळेच्या झेंडावंदनाला खुर्चीवर नेहमीं पुढारी बसतात, तेथें यंदा गांवच्या विहिरीची मोटार दुरुस्त करणाऱ्याला बसवा. तो नको म्हणेल, तरी बसवा.

आणि एक काम याच पंधरवड्यांत करा. ज्या-ज्या घरांत पोर तयारी करीत आहे, त्या घरानें शंभर पानी वही घ्यावी आणि पहिल्या अर्जापासूनचा खर्च लिहून काढावा. अर्जाची फी, क्लास, खोली, मेस, पुस्तकें, जाण्यायेण्याचें भाडें, विकलेलें जनावर, गहाण टाकलेला डाग, सगळें तारखेवार. पानाच्या दुसऱ्या बाजूला रद्द झालेल्या, पुढें ढकललेल्या आणि पेपर फुटलेल्या परीक्षा लिहाव्या. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांस पोरानेंच लिहून द्यावें. पुढच्या निवडणुकींत जो कोणी मत मागावयास येईल त्याला चहा देण्यापूर्वीं ही वही मोठ्यानें वाचून दाखवावी, आणि वाचून होईपर्यंत त्याला उठूं देऊं नये.